विज्ञान दिन कमला सोहोनींच्या कामावर बेतायचा असेल तर

28 फेब्रुवारी जवळ आला की मुंबईतल्या शाळांत आणि सोसायट्यांत विज्ञान दिनाची तयारी सुरू होते. आदल्या दिवशी मराठी भाषा गौरव दिन असतो, त्यामुळे बरेचदा एकाच मांडवात दोन्ही कार्यक्रम उरकले जातात. सात-आठ शास्त्रज्ञांचे फोटो, हार, पाठ केलेली भाषणं, आणि सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी. माझी आग्रहाची सूचना अशी की एका वर्षी एकच शास्त्रज्ञ घ्यावा आणि त्याच्या कामातला एक तरी भाग तिथल्या तिथे करून पाहावा. मुंबईकरांसाठी सुरुवात डॉ. कमला सोहोनींपासून व्हावी. त्यांनी आयुष्यभर अन्नावर संशोधन केलं आणि त्या संशोधनाचं साहित्य कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात आणि भाजीवाल्याकडे मिळतं.

त्यांच्याविषयीची बहुतेक भाषणं बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या दारातच थांबतात. कमला भागवत (हे सोहोनींचं माहेरचं नाव) 1933 साली मुंबई विद्यापीठातून पहिल्या येऊन तिथे गेल्या, तिथले संचालक सी. व्ही. रमण यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला, कमलाबाईंनी सत्याग्रह केला, वर्षभर काम पारखून घेण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. ही गोष्ट सांगायलाच हवी, तीसुद्धा रमण यांच्या शोधाच्या दिवशी. पण भाषणाला दहा मिनिटं असतील तर तिला दोन द्या. बाकीची आठ पुढच्या कामाला हवीत: बंगळुरूला दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवरचा अभ्यास, केंब्रिजला बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत सापडलेलं सायटोक्रोम-सी (पेशींच्या श्वसनात भाग घेणारं प्रथिन), 1939 ची पीएच.डी., दिल्लीचं लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालय, कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा, आणि 1947 नंतर मुंबई. फोर्टमध्ये कावसजी जहांगीर हॉलच्या शेजारी जी विज्ञान संस्था आहे, तिथे त्यांनी जीवरसायनशास्त्राचा विभाग चालवला, विद्यार्थी घडवले आणि पुढे त्या संस्थेच्या संचालक झाल्या. गोरेगावच्या आरे दूध प्रकल्पाला दुधाच्या दर्जाबाबत सल्लाही दिला.

फलकावर एक चूक हमखास होते, ती टाळा. ‘विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री’ असं सरसकट लिहिलं जातं. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माल यांना मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. (विज्ञानातली डॉक्टरेट) 1931 मध्येच मिळाली होती. ‘केंब्रिजमधून 1939 साली जीवरसायनशास्त्रात पीएच.डी.’ एवढं लिहिलं तरी पुरेसं मोठं आहे. दुर्गा भागवत त्यांच्या बहीण, हे मात्र जरूर लिहा. आदल्या दिवशीच्या भाषेच्या कार्यक्रमाशी आपोआप दुवा जुळतो.

आता प्रयोग. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून सोहोनींनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. तिच्यात अ आणि क जीवनसत्त्व आणि लोह चांगल्या प्रमाणात असल्याचं त्यांना आढळलं. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. मुलांना यातलं क जीवनसत्त्व स्वतः मोजता येतं. तत्त्व सोपं आहे: आयोडिन स्टार्चला भेटलं की निळं-जांभळं होतं, पण क जीवनसत्त्व असेपर्यंत ते आयोडिनला रंगहीन करत राहतं. ते संपलं की पुढचा थेंब रंग धरतो. तोपर्यंत किती मिलिलीटर आयोडिन लागलं, यावरून हिशेब.

चार-चार मुलांचे दहा गट धरून साहित्य सांगते. पोव्हिडोन आयोडिन 5 टक्के, 100 मिलीची एक बाटली. लेबलवर ‘उपलब्ध आयोडिन 0.5 टक्के’ लिहिलेलं असतं ते पाहा. 10 टक्क्यांची मिळाली तर 50 मिलीच घ्या. हात धुण्याचं फेसाळ ‘स्क्रब’ किंवा मलम चालत नाही. क जीवनसत्त्वाची 500 मिलिग्रॅमची एक गोळी. कॉर्नफ्लोअर. बिनसुईच्या 10 मिली सिरिंजा, गटाला दोन: एक आयोडिनची, एक रसाची. त्यांची अदलाबदल झाली की सगळे आकडे गेले, म्हणून आयोडिनच्या सिरिंजला लाल चिकटपट्टी लावा. काचेचे किंवा पारदर्शक प्लास्टिकचे पेले, खाली ठेवायला पांढरा कागद, गाळायला मलमलचं फडकं.

पाणी सगळीकडे उकळून गार केलेलंच वापरायचं. नळाच्या पाण्यातला उरलेला क्लोरीन क जीवनसत्त्व खातो. तांब्या-पितळेच्या भांड्यांना तर या टेबलावर मज्जाव, कारण तांब्याच्या अंशाने क जीवनसत्त्वाचं ऑक्सिडीकरण झपाट्याने होतं.

आयोडिनची बाटली 500 मिलीपर्यंत पाण्याने वाढवली की मिलीला साधारण 1 मिलिग्रॅम आयोडिन येतं. गडद रंगाच्या बाटलीत, उन्हापासून दूर ठेवा आणि त्याच सकाळी बनवा. गोळी कुटून 500 मिली पाण्यात विरघळवली की मिलीला 1 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व. चघळायच्या गोळीत साखर आणि रंग असतो, त्यामुळे द्रावण गढूळ आणि केशरी दिसतं. पाच मिनिटं निवळू देऊन गाळून घ्या. स्टार्चसाठी एक छोटा चमचा कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून 100 मिली उकळत्या पाण्यात ओता, मिनिटभर उकळा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम स्टार्चवर आयोडिनचा निळा रंग येतच नाही. ‘प्रयोग जमत नाही’ अशी तक्रार आली की आधी पेल्याला हात लावून पाहावा, निम्म्या वेळा तो कोमट असतो.

पहिलं मोजमाप गोळीच्या द्रावणाचं. पेल्यात 5 मिली द्रावण, 20 मिली पाणी, 1 मिली स्टार्च. सिरिंजने आयोडिन थेंबथेंब सोडत पेला गोल फिरवत राहायचा. थेंब पडतो तिथे निळी झाक येते आणि विरते. ही झाक विरायला वेळ लागू लागला की हात आणखी सावकाश. पेलाभर रंग येऊन 15-20 सेकंद टिकला की थांबा. हिशेबाने 7.2 मिलीच्या आसपास आयोडिन लागायला हवं. 6 किंवा 9 आलं तरी बिघडत नाही, कारण आपण तुलना त्याच आयोडिनशी करणार आहोत. तीनदा मोजा. तीन आकड्यांत अर्ध्या मिलीपेक्षा जास्त फरक असेल तर कुणीतरी घाई केली आहे.

मग लिंबू. गाळलेला रस 10 मिली, पाणी आणि स्टार्च तेवढंच. समजा गोळीच्या द्रावणाला 7.2 मिली आयोडिन लागलं आणि लिंबाला 5.4, तर 5 ला 5.4 ने गुणून 7.2 ने भागा: 3.75 मिलिग्रॅम. हे 10 मिली रसात, म्हणजे 100 मिलीत 37.5. पेरूचा 20 ग्रॅम गर 100 मिली पाण्यात वाटून गाळा आणि त्यातलं 10 मिली घ्या. मिक्सरमध्ये हवा मिसळते, म्हणून वाटल्यावर लगेच मोजायला बसा. तिसरा पेला कोबीचा असावा: 50 ग्रॅम चिरलेला कोबी 100 मिली पाण्यात दहा मिनिटं उकळा आणि ते पाणीच गार करून मोजा. भाजी उकडून पाणी ओतून देणाऱ्या घरातली मुलं हा आकडा घरी जाऊन सांगतात.

आवळ्याबाबत सावध राहा. 10 ग्रॅम आवळा 100 मिली पाण्यात वाटला तर आयोडिन भरपूर लागतं, पण त्यातलं काही आवळ्यातलं टॅनिन घेतं. आकडा खऱ्यापेक्षा फुगतो. बाटलीबंद सरबतात सल्फाइट असेल तर तेच होतं. म्हणूनच प्रयोगशाळेत आयोडिनऐवजी डायक्लोरोफिनॉल इंडोफिनॉल हा रंग वापरायची पद्धत आहे. फलकावर आवळ्याच्या आकड्यापुढे ‘जास्तीत जास्त’ असं लिहा. मुलांना मोजमापाची मर्यादा इथे हातात मिळते, आणि मला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

आयोडिन सांडतंच. शर्टावर पडलं तर गोळीचं उरलेलं द्रावण कापसाने लावा, डाग डोळ्यांदेखत उडतो. टेबलावरचं काहीही चाखायचं नाही, हे सुरुवातीलाच मोठ्याने सांगा.

नीरेचा प्रयोग याहून सोपा, पण वेळ पाळावी लागते. सकाळी नीरा विक्री केंद्रावरून नीरा घेताना थर्मास आणि बर्फ सोबत हवा. दोन स्वच्छ बाटल्यांत 100-100 मिली भरा आणि तोंडावर फुगे लावा. एक बाटली बर्फाच्या डब्यात, दुसरी टेबलावर. मुंबईच्या फेब्रुवारीतल्या उकाड्यात बाहेरच्या बाटलीवरचा फुगा काही तासांत उभा राहू लागतो, बर्फातला लोळत राहतो. दर तासाला सामू (पीएच) पट्टी बुडवून रंग वहीत नोंदवा. ताजी नीरा उदासीनच्या जवळ असते, आंबत जाईल तसा सामू उतरतो. यीस्ट साखर खातं, त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल तयार होतं. बाटलीला झाकण कधीही घट्ट लावू नका, ती फुटू शकते. बाहेरची नीरा कार्यक्रमानंतर मोठ्यांनी स्वतः मोरीत ओतावी, तोपर्यंत ती ताडी झालेली असते. नीरेत टिकवणारं रसायन असेल तर फुगा फुगत नाही, म्हणून विकत घेतानाच विचारून घ्या.

एका टेबलावर वाल ठेवा. विज्ञान संस्थेत सोहोनींनी विद्यार्थ्यांसोबत आपल्याकडच्या कडधान्यांतल्या ट्रिप्सिन-रोधकांचा अभ्यास केला, त्यात वालही होता. ट्रिप्सिन म्हणजे आतड्यात प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम). कच्च्या कडधान्यातली काही प्रथिनं त्याला अडवतात, आणि नीट शिजवल्यावर त्यांचा जोर बराचसा जातो. कोरडे वाल, भिजवलेले, मोड आलेले, सोललेल्या डाळिंब्या आणि शिजवलेलं बिरडं अशा पाच वाट्या मांडा आणि शेवटच्या वाटीपुढे ही दोन वाक्यं लिहा. कच्चे वाल मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका.

निवृत्तीनंतर सोहोनींनी ग्राहकांसाठी काम केलं. मुंबईच्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडियाच्या त्या 1982-83 मध्ये अध्यक्ष होत्या आणि संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकात लिहीत. म्हणून शेवटचं टेबल भेसळीचं. उरलेलं स्टार्च आणि मूळ, न पातळ केलेलं आयोडिन (पातळ करण्याआधीच थोडं बाजूला काढून ठेवा) इथे कामी येतं: दूध गार असताना 3 मिलीत 2-3 थेंब टाका, निळं झालं तर स्टार्च आहे. तुलनेसाठी एका पेल्यात मुद्दाम स्टार्च घातलेलं दूध ठेवा, नाहीतर निळं कशाला म्हणायचं हेच कळत नाही. हळदीसाठी पेलाभर पाण्यावर चमचाभर हळद टाकून न ढवळता वीस मिनिटं ठेवा. चांगली हळद तळाशी बसते आणि वर फिकट पिवळं पाणी राहतं. रंग घातलेला असेल तर पाणीही गडद पिवळं होतं.

लॅक्टोमीटर (दुधाची घनता मोजणारं उपकरण) आणणार असाल तर त्याच्यावर लिहिलेल्या तापमानालाच दूध आणा आणि फेस निवू द्या. एक मात्र दाखवाच: साय काढली की दुधाची घनता वाढते, पाणी घातलं की कमी होते. दोन्ही बेताने केलं तर लॅक्टोमीटर ‘शुद्ध’ म्हणतो. दुधाच्या दर्जावर सल्ला देणाऱ्या माणसाला चरबी आणि घनता दोन्ही वेगवेगळी का मोजावी लागते, ते इथे कळतं.

घरगुती चाचणी हा फक्त इशारा असतो. फलकावर कुठल्याही दुकानाचं किंवा डेअरीचं नाव लिहू नका. तक्रार करायचीच असेल तर अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या (2006) कलम 40 नुसार कुणाही ग्राहकाला शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेता येतो. त्यासाठी माल विकत घेतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. हे पालकांच्या टेबलावर मोठ्या अक्षरांत लावा, आणि शेजारी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयाचा पत्ता लिहा.