सिम्युलिंकमधला शोध : एक नाव, तीन व्हेरिएबल्स

विद्युत दुचाकींच्या मोटर कंट्रोलरची मॉडेल्स सिम्युलिंकमध्ये, म्हणजे मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमधल्या ब्लॉक जोडून मॉडेल बनवण्याच्या साधनात, तयार करणे हे माझे रोजचे काम आहे. गेल्या महिन्यात वेगनियंत्रणाच्या मॉडेलमध्ये प्रपोर्शनल गेनचे, म्हणजे वेगातल्या चुकीला ज्या आकड्याने गुणून मोटरला आज्ञा दिली जाते त्या ‘केपी’चे मूल्य आम्ही ०.८ वरून १.२ केले, सिम्युलेशन पुन्हा चालवले आणि दोन्ही आलेख एकावर एक ठेवले, तर त्यांत केसाइतकाही फरक दिसेना. गेन दीडपट झाल्यावर मोटरचा प्रतिसाद जसाच्या तसा राहणे शक्य नव्हते. माझ्याबरोबर काम करणाऱ्या तरुण सहकाऱ्याला मी विचारले, “केपी अजून कुठे आहे का, बघितलंस?” तो म्हणाला, “शोधलं मॅडम, दोनच ठिकाणी वापरलाय. कमांड विंडोत मूल्यही १.२ दाखवतंय.”

त्याने जिथे पाहिले तेवढ्यापुरते त्याचे दोन्ही निष्कर्ष बरोबर होते आणि तरीही उत्तर सापडले नव्हते, कारण आम्ही अक्षरे शोधत होतो आणि आम्हाला हवे होते व्हेरिएबल, म्हणजे त्या नावाखाली साठवलेले नेमके मूल्य. या दोन गोष्टींत किती अंतर आहे, हे त्या दुपारी मला नीट उमगले.

सिम्युलिंकमध्ये एखाद्या ब्लॉकच्या चौकटीत ‘केपी’ असे लिहिले, की त्याचे मूल्य कुठून घ्यायचे याचा ठरलेला क्रम असतो. ब्लॉक एखाद्या मास्कच्या, म्हणजे आतले ब्लॉक झाकून स्वतःची चौकट दाखवणाऱ्या आवरणाच्या आत असेल तर आधी त्या मास्कचे वर्कस्पेस, म्हणजे व्हेरिएबल्स ठेवण्याची जागा, पाहिले जाते, तिथे नाव नसेल तर त्याच्या बाहेरचे मास्क, मग मॉडेलचे स्वतःचे वर्कस्पेस आणि सर्वांत शेवटी मॅटलॅबचे सामाईक बेस वर्कस्पेस किंवा मॉडेलला जोडलेली डेटा डिक्शनरी, म्हणजे व्हेरिएबल्सची वेगळी फाइल. ज्या पायरीवर नाव पहिल्यांदा भेटते तिथेच शोध थांबतो, आणि पुढच्या पायरीवर त्याच नावाचे दुसरे काही असले तरी त्याची दखल घेतली जात नाही. कमांड विंडोत व्हेरिएबल्सची यादी मागितली तर ती बेस वर्कस्पेसची येते. मॉडेल वर्कस्पेसमध्ये काय आहे, हे तिच्यात दिसत नाही.

आमचा पीआय (प्रपोर्शनल-इंटिग्रल) कंट्रोलर लायब्ररीतून, म्हणजे तयार ब्लॉकच्या संग्रहातून घेतलेला आणि मास्क लावलेला होता. ब्लॉकच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातला छोटा बाण दाबून मी आत गेले, तर आतल्या गेन ब्लॉकमध्ये ‘केपी’ लिहिलेले होते. तो केपी मास्कचा पॅरामीटर होता. बाहेर येऊन मास्कची चौकट उघडली, तर त्या पॅरामीटरचे मूल्य म्हणूनही ‘केपी’च लिहिलेले होते, आणि तो केपी मॉडेल वर्कस्पेसमधला होता, कारण पूर्वी कधीतरी कोणीतरी ०.८ हे मूल्य तिथे ठेवून मॉडेल जतन केले होते. आम्ही बदलला तो तिसरा, बेस वर्कस्पेसमधला, ज्याच्यापर्यंत मॉडेल पोहोचतच नव्हते. मॉडेल वर्कस्पेस सहसा मॉडेलच्या फाइलबरोबरच जतन होते, त्यामुळे मॅटलॅब बंद करून पुन्हा उघडल्यानेही काही फरक पडला नसता.

दोनच ठिकाणे सापडली, याचेही कारण आहे. ‘फाइंड सिस्टिम’ ही आज्ञा आम्ही कायम वापरतो, पण मूळ सेटिंगमध्ये ती लायब्ररीशी जोडलेल्या ब्लॉकच्या आत उतरत नाही, आणि ज्या मास्कला स्वतःचे पॅरामीटर आहेत त्याच्याही आत पाहत नाही. ‘लुक अंडर मास्क्स’ला ‘ऑल’ आणि ‘फॉलो लिंक्स’ला ‘ऑन’ असे स्पष्ट सांगितल्यावरच ती सगळी दारे उघडते. मॉडेल रेफरन्सने जोडलेल्या दुसऱ्या मॉडेलमध्ये तर ती तेव्हाही जात नाही. त्यांची यादी वेगळी काढून प्रत्येकात वेगळे शोधावे लागते. म्हणून “नाही सापडलं” असे कोणी सांगितले, की आता माझा पहिला प्रश्न “कुठे कुठे शोधलंस?” हाच असतो.

अक्षरांचा शोध निरुपयोगी आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. कोणता पॅरामीटर हे माहीत नसताना ‘ब्लॉक डायलॉग पॅराम्स’ हा निकष फार कामाचा आहे, कारण गेन ब्लॉकमध्ये ज्याला ‘गेन’ म्हणतात त्याला कॉन्स्टंटमध्ये ‘व्हॅल्यू’ आणि लुकअप टेबलमध्ये ‘टेबल’ म्हणतात, आणि हा निकष नावाची पर्वा न करता सगळ्या चौकटी तपासतो. रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे अक्षरांच्या नमुन्यावरून शोधण्याची सोय, चालू करून ‘केपी’ शोधले तर ‘केपी आयडल’सुद्धा हाती लागतो, शब्दाच्या आरंभाची आणि अंताची खूण लावली, की नेमका केपी तेवढा उरतो.

पण व्हेरिएबल कोणाचे, हे विचारायचे असेल तर ‘फाइंड व्हार्स’ हीच खरी आज्ञा. ती मूळ सेटिंगमध्ये मॉडेल अपडेट करून, म्हणजे कंट्रोल-डी दाबल्यावर जे होते ते करून, प्रत्येक व्हेरिएबलचे नाव, त्याचा स्रोत आणि त्याला वापरणारे ब्लॉक परत देते. त्या दिवशी तिने केपीसमोर स्रोत म्हणून मॉडेल वर्कस्पेस दाखवले आणि दोन तासांचा गुंता मिनिटात सुटला. आज्ञा लिहायची नसेल तर मॉडेल एक्सप्लोररमध्ये व्हेरिएबलवर उजवे क्लिक करून ते कुठे वापरले आहे, हे विचारता येते.

‘फाइंड व्हार्स’वरही डोळे मिटून विसंबता येत नाही, हे मी नुकसान सोसून शिकले आहे. एकदा न वापरलेल्या व्हेरिएबल्सची यादी तिच्याकडून घेऊन मी ती सगळी पुसली. त्यांत मोटरच्या पोलजोड्यांची (चुंबकीय ध्रुवांच्या जोड्यांची) संख्या होती. कोणत्याही ब्लॉकमध्ये ती थेट नव्हती, पण मॉडेलची फाइल उघडताना चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये तिच्यावरून टॉर्क स्थिरांक काढला जात होता, आणि अशा स्क्रिप्टमधला वापर या शोधात मोजला जात नाही. मी स्क्रिप्ट पुन्हा न चालवता तपासले आणि आधी काढलेला स्थिरांक बेस वर्कस्पेसमध्ये शिल्लक होता, म्हणून संध्याकाळपर्यंत सगळे सुरळीत चालले. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅटलॅब नव्याने उघडल्यावर मॉडेलने चालण्यास नकार दिला. व्हेरियंट सबसिस्टिममधला, म्हणजे एकाच जागी अनेक पर्याय ठेवलेल्या भागातला, जो पर्याय त्या वेळी बंद असतो, त्यातले व्हेरिएबलही असेच निसटते. आता काहीही पुसण्यापूर्वी मी सगळ्या स्क्रिप्ट फायलींमध्ये ते नाव साध्या मजकुराच्या शोधाने पाहते आणि प्रत्येक व्हेरियंट एकदा चालू करून तपासते.

केपीचे काम आम्ही त्याच संध्याकाळी संपवले. मॉडेल वर्कस्पेसमधला केपी काढला, वेगनियंत्रकाच्या गेनला डेटा डिक्शनरीत ‘स्पीड पीआय केपी’ असे पूर्ण नाव दिले आणि मास्कच्या चौकटीत तेच लिहिले. आतला केपी तसाच ठेवला, कारण लायब्ररीचा तो ब्लॉक करंट नियंत्रकातही आहे आणि तिथे त्याला वेगळे मूल्य मिळते. १.२ ठेवून सिम्युलेशन चालवले, तेव्हा दोन आलेख पहिल्यांदाच एकमेकांपासून सुटे झाले.