बॉम्बेच्या उतारावर उलाळ झालेली गाडी

ऑकलंडहून हॅमिल्टनला बिऱ्हाड हलवलं. न्यूझीलंडमध्ये टेम्पो नि हमाल खिशाला जड, म्हणून लोक पेट्रोल पंपावरून ट्रेलर भाड्याने आणतात, गाडीला जोडतात आणि स्वतः घाम गाळतात. मीही तेच केलं. उतरवताना सोपं पडावं म्हणून वॉशिंग मशीन आणि पुस्तकांची खोकी अगदी शेवटी, मागच्या फळीला टेकवून ठेवली. गाद्या-उशा पुढे.

वाटेत बॉम्बे नावाचं गाव लागतं. (मुंबईशी नातं एवढंच, की तिथे वस्ती करायला आलेल्यांच्या जहाजाचं नाव बॉम्बे होतं.) तिथली टेकडी चढून उताराला लागलो आणि आरशात ट्रेलर शेपूट हलवताना दिसला. पुढचा प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा. ट्रेलर ओढताना इथे 90 ची मर्यादा आहे, ती मी पाळत होतो. तरी ही गत. पाय ब्रेककडे निघालाच होता, तेवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्याचं बोलणं आठवलं: ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग फिरवत बसायचं नाही, अॅक्सिलरेटर सोडून द्यायचा. वेग 60 च्या खाली आला तेव्हा कुठे ट्रेलर शांत झाला.

पुढच्या फाट्याला बाहेर पडून ट्रेलरचा फोटो अण्णांना पाठवला. इथे दुपारचा एक, तिकडे साताऱ्याकडे सकाळचे साडेसहा. अण्णा गोठ्यातून नुकतेच आलेले. लगेच फोन.

"उलाळ भरलीस की रे गाडी! ऊस भरताना कधी बघितलंच नाहीस काय?"

बघितलं होतं. मागे जास्त भरलं की गाडी उलाळ, जू बैलांच्या मानेवरून वर उठतं. पुढे जास्त भरलं की गाडी धुरजड, बैलांची मान मोडते. इथे मानेच्या जागी गाडीमागचा लोखंडी गोळा, टो-बॉल. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण 10 टक्के भार त्यावर हवा. त्याहून कमी असेल तर शेपूट हलतं. फारच मागे भरलं तर गाडीची मागची चाकंच हलकी होतात. उलट पुढे फार भरलं की गाडीचं बूड बसतं, दिवे आभाळाकडे बघतात आणि पुढच्या चाकांची पकड जाते. उलाळ ट्रेलर गाडीपासून सोडवू मात्र नका, पुढचा दांडा उसळून हनुवटीवर येईल. आधी मागचं सामान उतरवायचं.

मशीन चाकांच्या वर, किंचित पुढे सरकवलं. खोकी त्याला खेटून तळाशी, गाद्या मागे. नव्या घरी पोचल्यावर ट्रेलरच्या चाकांना विटा लावल्या आणि दांड्याखाली बाथरूममधला वजनकाटा ठेवला. सगळं मिळून 600 किलोच्या घरात, काट्यावर 57. अण्णांना आकडा कळवला.

"आणि दोर? वाटेत परत आवळलेस का?"

आवळले होते. वीस किलोमीटरवर थांबून पाहिलं, तर चारपैकी दोन पट्टे ढिले पडले होते.