‘छंद’ हे कारण चालत नाही

मोडीतल्या पैंजणांपासून घरी शुद्ध चांदीची लगड पाडायची, तर सर्वांत अवघड गोष्ट ९६२ अंश सेल्सिअसला चांदी वितळवणे ही नसून नायट्रिक आम्ल विकत घेणे ही आहे. आम्लहल्ले रोखण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार विक्रेत्याने ओळखपत्र पाहून खरेदीदाराचा पत्ता आणि खरेदीचे कारण नोंदवायचे असते, आणि त्याबद्दल माझी यत्किंचितही तक्रार नाही. पहिल्या खेपेस आधारवरील पत्ता जुना म्हणून मला परत पाठवले, तेही मान्य. दुसऱ्या खेपेस मात्र मी कारणाच्या रकान्यात प्रामाणिकपणे ‘छंद’ असे लिहिले आणि दुकानदाराने वही मिटली. हे कारण होत नाही, पेढीचे लेटरहेड आणा, असे त्याचे म्हणणे. व्यवसायाची अट कोठे लिहिली आहे, हे मी अर्धा तास विचारत राहिलो. तिसऱ्या खेपेस मालक जेवायला गेले होते आणि मी दीड तास बाकावर बसलो. अखेर शेजारचे काका, जे मूळचे विट्याचे आणि ज्यांचे आयुष्य परप्रांतात सोने-चांदीच्या गलाईत, म्हणजे ते वितळवून शुद्ध करण्याच्या धंद्यात, गेले, म्हणाले, “अहो, ‘चांदी गलाई’ लिहा की.” तेच ओळखपत्र, तोच मी, आणि पाच मिनिटांत अर्ध्या लिटरची बाटली हातात! हे दोन शब्द दुकानदाराला सुचवता आले नसते का?

पुढचे सगळे दोन दिवसांत उरकले. नायट्रिक आम्लात विरघळलेल्या चांदीत तांब्याची पट्टी सोडली की द्रावण निळे होत जाते आणि शुद्ध चांदी करड्या चिखलासारखी तळाशी बसते. दहा ग्रॅम तांबे सुमारे ३४ ग्रॅम चांदी मोकळी करते. आम्लातून निघणारा तपकिरी धूर विषारी असतो, म्हणून हे काम गच्चीवरच करावे. हा चिखल मुशीत, म्हणजे धातू वितळवण्याच्या भांड्यात, वितळवताना टाकणखार (बोरॅक्स) घालावाच, शिवाय वर कोळशाची पूड पसरावी, कारण वितळलेली चांदी हवेतला ऑक्सिजन शोषते आणि थिजताना तो बाहेर टाकते. माझ्या पहिल्या लगडीवर त्यामुळे देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले. दुसरी गुळगुळीत निघाली. ती लाखेत बसवून कोरणीने वेलबुट्टी काढली, जी एका कोपऱ्यात वाकडी गेली आहे, पण मला आवडते.

आधीच सांगायला हवे होते की आम्लात मिसळायचे पाणी ऊर्ध्वपातितच घ्यावे, नळाच्या पाण्यातील क्लोराइडने द्रावण दुधाळ होते. बाटली आता संपत आली आहे, त्यामुळे त्या बाकावर पुन्हा जाणे आहेच.