काउंटरवरून लिहिलेल्या रिलीज नोट्स

शनिवार

कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरसाठी रिलीज नोट्स, म्हणजे नव्या आवृत्तीत काय बदललं त्याच्या नोंदी, लिहिते म्हटल्यावर घरी पहिला प्रश्न आला, पैसे किती देतात? काही नाही म्हटल्यावर दुसरा प्रश्न आलाच नाही. सासूबाईंनी तेवढं विचारलं, "मग नॅकच्या फाइलीत तरी धरतात का?" नॅक म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणारी संस्था. सगळा जन्म प्राध्यापकांच्या घरात गेलाय सासूबाईंचा, नेमकं कुठं बोट ठेवायचं ते त्यांना बरोबर कळतं. नाही धरत, आई. धरतील असं वाटतही नाही.

ग्रंथालयाशी संबंध नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. देवघेव, तालिकीकरण (पुस्तकांची सूची करणं), नियतकालिकं, सभासदांची खाती, दंड, हे सगळं सांभाळणारी प्रणाली म्हणजे कोहा. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ भागातल्या ग्रंथालयाची जुनी प्रणाली २००० साल उजाडल्यावर चालणार नव्हती, म्हणून १९९९ मध्ये त्यांनी कातिपो नावाच्या छोट्या कंपनीकडून नवी करून घेतली. जानेवारी २००० मध्ये ती सुरू झाली आणि त्यांनी ती सगळ्या जगाला मोकळी करून दिली. आज आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांचं काउंटर तिच्यावर चालतं. वर्षातून दोन मोठ्या आवृत्त्या येतात, मे आणि नोव्हेंबरमध्ये, आणि आवृत्तीच्या आकड्यातच साल-महिना असतो. २२.११ म्हणजे २०२२ चा नोव्हेंबर.

दर आवृत्तीत शेकडो बदल असतात. प्रत्येक बदलाची बगझिलावर, म्हणजे चुका आणि बदल नोंदवायच्या साइटवर, एक नोंद, आणि त्या नोंदीत ‘रिलीज नोट्समध्ये जाणारा मजकूर’ असा एक रकाना. आवृत्ती बाहेर पडायच्या वेळी एक स्क्रिप्ट गिटचा (कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या साधनाचा) इतिहास आणि हे रकाने गोळा करून एक लांबलचक फाइल तयार करते. रकाना भरलेला असेल तर खुलासा छापला जातो. रिकामा असेल तर नुसतं शीर्षक. आणि शीर्षकं प्रोग्रॅमरनी प्रोग्रॅमरसाठी लिहिलेली असतात. अमुक फंक्शन तमुक मॉड्यूलमध्ये हलवलं, अमुक टेबलात नवा कॉलम. वाचून मला जेवढं कळतं तेवढंच कोल्हापूरच्या किंवा नांदेडच्या ग्रंथपालाला कळणार. रिकामे रकाने भरायला माणसं हवी होती, मी हो म्हटलं.

कोहा ज्या भाषेत लिहिलंय ती पर्ल मला येत नाही. सुरुवातीला हे लाजत सांगत होते, आता नाही सांगत. ज्यानं कोड लिहिला त्याला तो इतका आतून माहीत असतो की सोमवारी सकाळी साडेनऊला काउंटरवर काय वेगळं दिसेल हे त्याला बाहेरून बघताच येत नाही. मला फक्त बाहेरूनच दिसतं. या कामाला तेवढं पुरतं.

बुधवार, रात्री

नऊला लॅपटॉप उघडला. फ्रान्समध्ये दुपारचे साडेचार, न्यूझीलंडमध्ये पहाटेचे साडेचार. म्हणजे फ्रेंच मंडळी जागेवर, किवी मंडळी झोपेत. काही अडलं तर आता कुणाला विचारायचं हे घड्याळ बघून ठरवते.

हाताला वळण लागावं म्हणून अधूनमधून जुनी, सगळ्यांना पाठ असलेली एखादी सोय घेते आणि ती आज नव्यानं आली असती तर आपण काय लिहिलं असतं ते लिहून बघते. आज घेतला ‘यूज-डेज-मोड’ हा सिस्टिम प्रेफरन्स, म्हणजे सगळ्या प्रणालीला लागू होणारी एक सेटिंग. पुस्तकाची परतीची तारीख काढताना सुट्ट्यांचं काय करायचं, ते हा ठरवतो. चार पर्याय आहेत. पडद्यावरची त्यांची वर्णनं बरोबर आहेत, पण बारीक कायद्याच्या भाषेत. शेवटचं तर मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ‘मॅचिंग वीकडे’पाशीच थांबले होते.

मग उदाहरण घेतलं. सभासदानं मंगळवारी सात दिवसांसाठी पुस्तक नेलं आणि पुढचा मंगळवार नेमका अनंत चतुर्दशीचा. पहिला पर्याय कॅलेंडर बघतच नाही, तारीख मंगळवारचीच. त्या दिवशी लक्ष्मी रस्ता ओलांडून पुस्तक परत करायला कोण येणार आहे? दुसरा पर्याय बंद दिवस मोजतच नाही. मधला रविवार गेला, चतुर्दशी गेली, तारीख गुरुवारची. तिसरा फक्त शेवट बघतो. शेवटचा दिवस सुट्टीचा असेल तर पुढच्या उघड्या दिवशी ढकलतो, म्हणजे बुधवार. (पुण्यात मिरवणूक बुधवारी दुपारपर्यंत चाललेली असते, पण ते कोहाला कोण सांगणार. बुधवारही कॅलेंडरमध्ये आपणच बंद म्हणून टाकायचा.) चौथा पर्याय आठवड्याच्या हिशेबानं दिलेल्या पुस्तकांसाठी तोच वार शोधतो. मंगळवार बंद, मग थेट त्याच्या पुढचा मंगळवार.

चौथा कुणाला हवा असेल? इथं मी बराच वेळ अडले होते. मग आमच्या प्रॅक्टिकलच्या बॅचेस आठवल्या. मंगळवारची बॅच मंगळवारीच येते. त्यांना बुधवारची तारीख दिली की त्यातले निम्मे दंड भरणार आणि काउंटरवर हुज्जत घालणार. त्यांना पुढच्या मंगळवारचीच तारीख हवी. हे सुचल्यावर नोंद दोन वाक्यांत झाली. आठवड्यातून एकाच ठरावीक दिवशी येणारे वाचक असतील तर हा पर्याय निवडा. सध्याची सेटिंग तुम्ही बदलली नाही तर काहीही बदलणार नाही.

ते दुसरं वाक्य मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. आवृत्ती बदलली की ग्रंथपालाच्या पोटात गोळा येतो तो नवीन काय आलं यासाठी नाही, जुनं काय बिघडणार यासाठी. ‘आपोआप चालू होत नाही’ एवढं वाचलं की तो पुढच्या ओळीवर जाऊ शकतो. वाचकाचा वेळ वाचवा, हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा १९३१ चा चौथा नियम आम्ही बी.लिब.ला पाठ करून त्यावर मार्क मिळवले. तेव्हा डोळ्यांसमोर वाचक म्हणजे सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेतला एमपीएससीचा मुलगा होता. दुसरा ग्रंथपालही वाचकच असतो, हे कुणी शिकवलं नव्हतं.

शुक्रवार

कालपासून सँडबॉक्सवर आहे. ही एक फार सुंदर सोय आहे. आपल्या मशीनवर काही न बसवता ब्राउझरमध्येच तात्पुरतं कोहा उभं राहतं, त्यावर हवा तो पॅच, म्हणजे कोडमधला नवा बदल, चढवायचा आणि खेळून बघायचं. पॅच लिहिणाऱ्याव्यतिरिक्त कुणीतरी तो तपासून साइन-ऑफ, म्हणजे ‘चालतंय’ अशी ग्वाही, द्यावी लागते, मग क्यूएवाले, म्हणजे दर्जा तपासणारे, बघतात, मग तो मुख्य शाखेत जातो. मी मजकूर लिहायच्या आधी सँडबॉक्सवर ती गोष्ट स्वतः करून बघते. न बघता लिहिलेलं वाक्य मला लगेच ओळखू येतं, त्यात ‘सुधारणा केली’ असं काहीतरी असतं. काय सुधारलं? कुठल्या पडद्यावर? आधी काय होत होतं?

आधी काय होत होतं हे लिहायला काही जण कचरतात. जुन्याची चूक चव्हाट्यावर कशाला, असं वाटत असावं. पण काउंटरवरचा माणूस फाइलमध्ये शोधतो ते लक्षणच. तो त्याला दिसलेली अडचण शोधणार, तुमचा इलाज नाही. लक्षण लिहिलं नाही तर इलाज त्याला सापडणारच नाही.

२२.११ मध्ये कर्मचाऱ्यांच्या पडद्याचं सगळं रूपच पालटलं होतं. आमच्याकडे ती आवृत्ती चढवली तेव्हा मी फाइल वाचून तयार होते, आमचे काउंटरवरचे मामा नव्हते. रंग बदलले, मेनू बदलला, याचं त्यांना काहीच वाटलं नाही. चहा ठेवत फक्त म्हणाले, "मॅडम, ते ठीक आहे, पण मी रोज दाबतो ते कुठंय?" मामांना पेन्शनला थोडेच दिवस राहिलेत, आणि मला आजवर मिळालेली संपादकीय सूचना याहून चांगली नाही. तेव्हापासून कुठल्याही पडद्याबद्दल लिहिताना आधी बटण कुठं आहे ते लिहिते, कारण नंतर.

पुणेकराला सूचना लिहायला शिकवावं लागत नाही असं लोक म्हणतात. मला पटत नाही. आपल्या पाटीचा सगळा जोर काय करू नये यावर, आणि वाचणारा मूर्ख आहे हे आधीच धरलेलं. रिलीज नोट त्या सुरात लिहिली तर वाचणारा ती आवृत्तीच चढवणार नाही.

इंग्रजीबद्दल एक. मजकूर इंग्रजीत लागतो आणि माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. सुरुवातीला भीड वाटायची. मग लक्षात आलं की ही फाइल वाचणाऱ्यांत अर्जेंटिनातले आहेत, फ्रान्समधले आहेत, अर्ध्याअधिकांची ती दुसरी भाषा. माझी वाक्यं आपोआप छोटी होतात कारण मोठं वाक्य मला पेलत नाही. ती फारशी कुणी दुरुस्त करत नाही. एकदाच एका डेव्हलपरनं हटकलं. मी लिहिलं होतं की हे सर्व कर्मचाऱ्यांना दिसेल. तो म्हणाला, नाही, अमुक परवानगी असलेल्यांनाच. बरोबर होतं त्याचं. आता परवानगीचा शब्द दिसला की सँडबॉक्सवर कमी अधिकारांचं एक खातं काढते आणि त्यातूनही बघते.

रविवार

स्ट्रिंग फ्रीझ लागलंय. म्हणजे पडद्यावरचे शब्द आता बदलायचे नाहीत, भाषांतर करणाऱ्यांच्या पायाखालची जमीन हलू नये म्हणून. नोट्स मात्र शेवटपर्यंत लिहिता येतात, त्यामुळे आमची घाई आता सुरू.

यादीत ‘आर्किटेक्चर, इंटर्नल्स अँड प्लंबिंग’ असा एक विभाग आहे, त्याला मी हात लावत नाही. तिथलं बहुतेक काम भिंतीआतलं, काउंटरला दिसत नाही, आणि ज्यांना दिसतं त्यांना शीर्षक पुरतं. उगाच तिथं दोन ओळी लिहून फाइल फुगवण्यात अर्थ नाही. सुरक्षेच्या नोंदीही माझ्या वाट्याच्या नाहीत. त्या आवृत्ती येईपर्यंत झाकलेल्या असतात आणि तसंच असायला हवं.

देवघेव आणि नियतकालिकं हे दोन विभाग मी मागून घेतलेत. देवघेवीचं काम बरंच पुढं गेलंय. नियतकालिकांत एक पॅच आहे, अंक येण्याच्या अपेक्षित तारखांबद्दलचा, तो अजून साइन-ऑफच्या रांगेत. आपली मासिकं दिवाळी अंक काढतात आणि मग कधी कधी नोव्हेंबरचा अंकच काढत नाहीत, ही गोष्ट त्या पॅचच्या चाचणीत कुणी धरली असेल असं वाटत नाही. उद्या सँडबॉक्सवर तसा एक वर्गणीचा नमुना तयार करून बघते. चाललं तर साइन-ऑफ मीच देईन. नाही चाललं तर आधी बगझिलावर तेवढं लिहावं लागेल, रिलीज नोट नंतर.