हडपसरचं मत शिरूरला का जातं?

आज नववीच्या वर्गात फळ्यावर तीन रकाने आखले: महापालिका, विधानसभा, लोकसभा. प्रत्येकाने आपल्या घराचे तिन्ही मतदारसंघ लिहायचे. गाडी इथेच अडते. हडपसरचा मुलगा महापालिकेला पुणेकर, पण लोकसभेला शिरूरचा. धायरीची मुलगी विधानसभेला खडकवासला, लोकसभेला थेट बारामती. कॅन्टोन्मेंट हद्दीत राहणाऱ्यांचा तर पहिला रकानाच वेगळा, कारण तिथलं बोर्ड संरक्षण मंत्रालयाखाली. नकाशा दाखवण्याआधी हा गोंधळ होऊ द्यावाच. मग नकाशा मुलं खरोखर वाचतात.

मग प्रभागाचं मतदान. अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार रंगांच्या चिठ्ठ्या, चार खोके. हमखास चूक एकच: एका खोक्यात चिठ्ठी टाकून मुलं जागेवर परततात. मोठी माणसंही केंद्रावर हेच करतात. चार सदस्यांच्या प्रभागात चार वेळा बटण दाबायचं असतं. एखाद्या जागेसाठी कुणीच पसंत नसेल तर तिथे ‘नोटा’. म्हणून खोके एका ओळीत ठेवा आणि शेवटच्या खोक्यापाशी घंटी वाजवायला एक मूल बसवा.

महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, विधानसभा-लोकसभेची भारत निवडणूक आयोग. हे दोन आयोग वेगळे आहेत, हे बऱ्याच पालकांनाही ठाऊक नसतं. मुलांनी आज घरी जाऊन विचारायचंय.

अकरावी-बारावीच्या शिक्षकांनो, सतरा पूर्ण झालेल्यांना नमुना ६, म्हणजे मतदार नोंदणीचा अर्ज, आगाऊ भरता येतो. वर्गातच भरून घ्या.