‘डोया’, ‘शाया’ आणि माझं पहिलं पोस्टर

मी स्पीच थेरपिस्ट आहे आणि अमरावती जिल्ह्याच्या ग्रामीण भागात काम करते. आमच्याकडे तपासणीला येणाऱ्या मुलांमध्ये अधूनमधून एखादं असं पोर असतं, ज्याला काहीही झालेलं नसतं. ते ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणतं, ‘शाळा’ला ‘शाया’, ‘केळ’ला ‘केय’. शाळेतून किंवा तपासणी पथकाकडून चिठ्ठी आलेली असते: उच्चार अस्पष्ट, स्पीच थेरपी हवी. सोबतची माय सांगते, ‘‘मॅडम, गुरुजी म्हनते याची जीभ जड हाय. पन आमच्या घरी तं सारेच असे बोलते.’’

मायचं म्हणणं बरोबर असतं. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो. तो दोष नाही, ती बोली आहे. पण त्या चिठ्ठीपायी तिनं निंदणाची मजुरी बुडवलेली असते आणि पोराच्या मनात ‘आपलं बोलणं खराब आहे’ हे पक्कं बसलेलं असतं. हे आमच्या क्षेत्रातल्या परिषदेत पोस्टरवर, म्हणजे अभ्यास थोडक्यात सांगणाऱ्या छापील फलकावर, मांडायचंच, असं मी ठरवलं. परिषद पुण्यात होती. तिथवर पोचेपर्यंत काय काय करावं लागतं ते सविस्तर लिहिते, कारण तालुक्याच्या गावी एकट्यानं काम करणाऱ्या थेरपिस्टला हे सांगणारं जवळपास कुणी नसतं.

सगळ्यात आधी विषय आवळावा लागतो. ‘ग्रामीण मुलांच्या भाषेचे प्रश्न’ असा विषय पोस्टरवर मावत नाही. मी एकच प्रश्न घेतला: वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाचा ‘य’ बोलीचा आहे की उच्चारदोषाचा, हे ओळखायचं कसं? उत्तर ‘ल’मध्ये आहे. वऱ्हाडीत ‘ल’ जागच्या जागी असतो. ‘डोळा’ला ‘डोया’ पण ‘लाल’ला ‘लाल’च म्हणणारं पोर घरची भाषा बोलतंय. ‘लाल’लाही ‘याय’ म्हणणारं पोर मात्र खरंच उपचाराचं आहे, आणि ‘आपल्याकडे असंच बोलतात’ म्हणून त्याला परत पाठवलं तर त्याचं नुकसान होतं. ‘टोपी’ला ‘तोपी’ म्हणणाऱ्याचंही तेच, कारण ‘ट’ आपल्या बोलीत ठणठणीत आहे. दोन्हीकडची चूक टाळायची म्हणून हे काम होतं.

मग परवानगी. मुलांवर काही अभ्यास करायचा तर आचारसमितीची, म्हणजे एथिक्स कमिटीची, मंजुरी लागते. लहान केंद्रात अशी समिती नसते. जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीकडे अर्ज करता येतो, पण त्यांच्या बैठका ठरलेल्या असतात. म्हणून हे काम परिषदेला अभ्यासाचा सारांश पाठवण्याच्या मुदतीच्या कितीतरी आधी सुरू करावं. पालकांचं संमतीपत्र मी सोप्या मराठीत लिहिलं आणि वाचून दाखवताना वऱ्हाडीत समजावलं. संमती आईची किंवा वडिलांची हवी, आजीचा अंगठा चालत नाही. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत आईवडील दिवसभर शेतात, त्यामुळे सह्या दिवे लागल्यावरच मिळायच्या. अंगणवाडी सेविका सोबत आल्या म्हणून घरोघरी दारं उघडली. त्यांचे आभार पोस्टरवर सगळ्यात वर छापायला हवे होते, असं मला मनापासून वाटतं, पण परिषदेच्या नमुन्यात ती जागा तळाशीच असते.

आवाज नोंदवायच्या आधी प्रत्येक मुलाचं ऐकणं तपासलं. हे गाळता येत नाही. ज्याला कमी ऐकू येतं त्याच्या उच्चारांचा हिशेबच वेगळा. मग चित्रं दाखवून शब्द म्हणवून घ्यायचे. छापील संचातली काही चित्रं आमच्या मुलांना अनोळखी होती, म्हणून त्या जागी बंडी, विळा, माळ, बाळ अशी चित्रं काढून घेतली. अंगणवाडीत ध्वनिमुद्रणाची वेळ सांभाळावी लागते. खिचडी वाटायच्या वेळी ताटल्यांच्या आवाजात एक शब्द धड ऐकू येत नाही. सकाळी, पंखा बंद करून, मोबाइल मुलाच्या तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवून केलेलं ध्वनिमुद्रण सगळ्यात स्वच्छ निघालं. आणि ‘म्हण’ असं सांगितलं की मुलं शाळेतलं बोलतात, ‘हे काय हाय?’ विचारलं की घरचं बोलतात. दोन्ही नोंदवावं. ज्या मुलाला ‘ळ’ म्हणता येतो पण घरच्या बोलण्यात तो ‘य’च वापरतो, त्याच्या जिभेत दोष नाही याचा याहून चांगला पुरावा कुठला?

सारांश इंग्रजीतच द्यायचा होता, तीनशे शब्दांच्या आत. उद्देश, पद्धत, निष्कर्ष, उपयोग या क्रमानं लिहिलं की तो मावतो. परीक्षकांचे दोन शेरे आले. पहिला: उच्चार एकटीनंच ठरवले का? रास्त शेरा. दुसऱ्या थेरपिस्टकडून तीच ध्वनिमुद्रणं, माझ्या खुणा न दाखवता, पुन्हा तपासून घेतली आणि दोघींचं किती जुळतं ते मांडलं. दुसरा शेरा असा की वऱ्हाडी ही वेगळी बोली असल्याला आधार काय. ब्रिटिश काळातले भाषा-अभ्यासक ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड 1905 साली छापला गेला, त्यात वऱ्हाडीची स्वतंत्र नोंद आहे. तो आधार जोडला. शंभर वर्षांहून जुनी नोंद असताना आमच्या मुलांच्या चिठ्ठीवर अजून ‘जीभ जड’ लिहिलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

पैसा आणि रजा. कंत्राटी कर्मचाऱ्याला परिषदेचा खर्च मिळेल हे धरून चालू नये. नोंदणी लवकर केली की शुल्क कमी पडतं, तेवढं साधावं. रजेच्या अर्जाला सारांश स्वीकारल्याचं पत्र जोडावं आणि सीआरईचे, म्हणजे व्यवसायातलं शिक्षण चालू ठेवल्याचे, गुण मिळणार आहेत हे स्पष्ट लिहावं. आरसीआयच्या, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेच्या, नोंदणीचं नूतनीकरण दर 5 वर्षांनी करावं लागतं आणि त्यासाठी हे गुण लागतातच, त्यामुळे अर्ज हौसेचा ठरत नाही.

पोस्टर गावातच छापलं, वाढदिवसाचे आणि सत्काराचे फ्लेक्स छापतात तिथं. पहिल्या नमुन्यात ध्वनिचिन्हांच्या जागी सगळीकडे रिकामे चौकोन आले. दुकानातला दादा म्हणाला, ‘‘ताई, हा फॉन्ट आपल्याकडे नाही. तुम्ही अक्षरं कर्व्हमध्ये करून आना, मंग हालत नाही.’’ तसं, म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर, केल्यावर ‘ळ’चं ध्वनिचिन्हसुद्धा नेमकं उमटलं. ज्यांच्या पोस्टरवर उच्चारांची चिन्हं आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावंच. छापायच्या आदल्या दिवशी एक छोटा नमुना काढून बघावा.

मुर्तिजापूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं पुण्याला गेले. दोन दिवस व्याख्यानं होती. पक्षाघातानंतर गिळताना ठसका लागणाऱ्या रुग्णांवरचं सत्र माझ्या रोजच्या कामाचं होतं, त्यातल्या गिळण्याच्या पद्धती मी परत आल्यापासून वापरते आहे. पण मन पोस्टरपाशीच होतं. कोकणात काम करणारी एक थेरपिस्ट बराच वेळ थांबली. मालवणी मुलांच्या बाबतीत तिला असेच प्रश्न पडत होते. एका ज्येष्ठ मॅडमनी थेट विचारलं, ‘‘मग पोर शुद्धलेखनात ‘शाया’ लिहील, त्याचं काय करणार?’’ मी म्हटलं, ‘ळ’ लिहायला शिकवणं हे शिक्षकांचं काम आहे आणि ते त्यांनी जरूर करावं. त्यासाठी मुलाला आजारी ठरवू नये. त्यांना ते पूर्ण पटलं नाही. पण त्यांनीच सुचवलं की शिक्षकांसाठी एका पानाचं माहितीपत्रक करा, नाहीतर चिठ्ठ्या येतच राहतील.

ते पत्रक तयार झालं आहे. एका बाजूला ‘हे बोलीचं’, दुसऱ्या बाजूला ‘हे तपासणीला पाठवा’, आणि शब्द सगळे घरातलेच. आमच्या केंद्राच्या तपासणी अर्जात आता ‘घरी कोणती बोली?’ असा रकाना आहे. वाशीम आणि बुलडाण्याकडच्या दोन थेरपिस्टनी चित्रांचा संच मागून घेतला. तिकडची ध्वनिमुद्रणं आली की पुढचा सारांश तिघींच्या नावानं पाठवायचा आहे. संमतीपत्राचा मराठी नमुना आणि चित्रं ज्यांना हवी असतील त्यांनी सांगावं, मी पाठवते.