जपानमधे गरोदर असाल, त्यातून शाकाहारी असाल, तर कोम्बू या समुद्री शेवाळाकडे लक्ष द्या

टोकियोतल्या निशी-कासाईच्या आमच्या मराठी बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाची गोड बातमी आली की थोड्याच दिवसांत एक प्रश्न हमखास येतो, ताई, ते समुद्री शेवाळ खाल्लं तर चालतं का? मग उत्तरं सुरू. एक म्हणते अजिबात नको, आयोडीन असतं त्यात, दुसरी म्हणते जपानी बायका पिढ्यानपिढ्या खातायत, त्यांना कुठे काय होतंय, आणि तिसरी सुशीतल्या कच्च्या माशावर घसरते. (कच्चा मासा टाळायचाच, पण तो वेगळा विषय आहे, सुशीच्या बाहेरचं काळं शेवाळ त्यात दोषी नाही.) माझी मुलगी इथेच झाली आणि मला थायरॉइडची गोळी लग्नाआधीपासून चालू, त्यामुळे या विषयात मी बरीच खोलात गेले होते, ते सगळं एकदा नीट लिहून ठेवते.

सगळ्यात आधी हे डोक्यातून काढा की शेवाळ म्हणजे एकच काहीतरी. ओनिगिरीला (भाताच्या गोळ्याला) गुंडाळलेली नोरी वेगळी, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनच्या) सूपमधे तरंगणारं वाकामे वेगळं, काळ्या बारीक काड्यांसारखं हिजिकी वेगळं आणि जाड पट्ट्यांचं कोम्बू वेगळं. आयोडीनचा फरक इतका प्रचंड आहे की सगळ्यांना एक नियम लावणं चूकच. नोरीचा एक अख्खा मोठा कागद साधारण तीन ग्रॅमचा, त्यात साठेक मायक्रोग्रॅम आयोडीन. सुकं वाकामे एक ग्रॅम घेतलं तर शंभरच्या आसपास. आणि सुकं कोम्बू? एका ग्रॅमला दोन हजारच्या घरात!! जागतिक आरोग्य संघटना गरोदर बाईला दिवसाला 250 मायक्रोग्रॅम पुरेसं म्हणते. वरची मर्यादा प्रत्येक देशाची वेगळी, युरोपात 600, अमेरिकेत 1100, आणि जपानमधे एरवी 3000 असली तरी गरोदरपणात मुद्दाम कमी करून 2000 ठेवलीये. म्हणजे जपानी लोकांना सवय असते म्हणून काही होत नाही असं जे आपण म्हणतो ना, ते खुद्द जपानी सरकारही गरोदर बायकांच्या बाबतीत म्हणत नाही.

आता शाकाहारी बायकांचा मुद्दा, ज्यासाठी खरं तर हे लिहायला बसले. इथे आल्यावर आपल्याला पहिल्यांदा कळतं की सूप, उदोन नूडल्स, भाज्या, सगळ्यात माशाची दाशी (सूपसाठी उकळून काढलेलं चवदार पाणी) असते, सुकवलेल्या कात्सुओ माशाची. मग आपण काय करतो, हॉटेलात विचारतो की कोम्बूची दाशी मिळेल का, घरी कोम्बू दाशीची पाकिटं आणतो, मैत्रिणीला कौतुकाने सांगतो की ही प्युअर व्हेज आहे गं, बिनधास्त वापर. तिच्यात मासा नाही हे खरंच, पण आयोडीन सगळ्यात जास्त तिच्यातच, आणि सगळ्यांत जास्त तीच आपण पितो. कोम्बूचं आयोडीन पाण्यात पटकन उतरतं, उकळलं तर जवळजवळ सगळंच, त्यामुळे सूप करताना पट्टी काढून टाकली म्हणजे झालं असं अजिबात नाहीये. एक लिटर पाण्याला दहा ग्रॅम कोम्बू हे नेहमीचं प्रमाण. त्यातलं निम्मं आयोडीन जरी उतरलं असं धरलं तरी वाटीभर सूपमधे दीड हजार मायक्रोग्रॅम होतं. रोज सकाळी वाटीभर, रात्री परत उदोन, आणि वर आपण भारतातून आणलेलं आयोडीनचं मीठ आणि मल्टीव्हिटॅमिनची गोळी आहेच.

यावर उपाय मला शिताकेत सापडला. सुक्या शिताके मशरूमची दाशी, चार-पाच मशरूम गार पाण्यात टाकून रात्रभर फ्रिजमधे ठेवायची, सकाळी ते तपकिरी पाणी वापरायचं, मिसो सूपला इतकी छान चव येते की कोम्बूची आठवण होत नाही, आणि मशरूम चिरून त्यातच टाकायचे. मासे खाणाऱ्यांनी सरळ कात्सुओची दाशी वापरावी, फक्त तयार पाकीट असेल तर पाठीमागे बघा कारण कोम्बू एक्स्ट्रॅक्ट त्यातही घातलेलं असू शकतं, चिप्समधे, सॉसमधे, लोणच्यात, कुठेही असतं. कोम्बू हा शब्द पाकिटावर कधी कांजी म्हणजे चिनी अक्षरांत, कधी काना या जपानी लिपीत येतो, सगळ्या प्रकारांचे फोटो मोबाइलमधे ठेवा, दुकानात उभं राहून जुळवता येतात.

अजून एक जागा आहे जिथे कोणाचं लक्ष जात नाही. डोहाळे लागले की आंबट हवंसं वाटतं, इथे कैरी कुठून आणणार, चिंचही इंडियन स्टोअरमधे जाऊन आणावी लागते, पण कोंबिनीत (कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात) छोट्या पाकिटात व्हिनेगरमधली आंबट कोम्बूची पट्टी मिळते. तोंडात धरून चघळायची. मळमळीवर काय बरं वाटतं म्हणून सांगू! पण ते कोम्बूच आहे, खाऊच्या रूपात. आंबटासाठी उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) चालेल (मीठ भरपूर असतं, एखादंच), लिंबू चालेल, दही चालेल.

एवढं आयोडीन गेल्याने होतं काय तेही सांगते, कारण शाळेत आपण शिकलो की आयोडीन कमी पडलं की गलगंड, जास्तीचं कोणी शिकवलंच नाही. होक्काइदोच्या किनाऱ्यावर, जिथून जपानचं बहुतेक कोम्बू येतं, तिथल्या गावांत 1960 च्या दशकात संशोधकांना गलगंड सापडला तो अति आयोडीनमुळे. आयोडीनचा मोठा डोस आला की थायरॉइड हॉर्मोन बनवणं काही काळ थांबवतं. निरोगी मोठ्या माणसाचं काही दिवसांत आपोआप सुरळीत होतं. पण पोटातल्या बाळाच्या थायरॉइडला असं सावरणं साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत जमत नाही, आई ठीक असते आणि बाळाचं थायरॉइड मंद पडतं, आणि बाळाच्या मेंदूच्या वाढीला तेच हॉर्मोन लागतं. ज्यांना आधीपासून थायरॉइड आहे (आपल्यात किती जणी आहेत बघा) त्यांनी तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा, जपानीत थायरॉइडला कोजोसेन म्हणतात, आणि पहिल्या अर्ध्या काळात दर चार आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासायला सांगा.

हिजिकीचा विषय आयोडीनचा कमी आणि आर्सेनिकचा जास्त आहे. त्यात अकार्बनी आर्सेनिक (आर्सेनिकचा जास्त विषारी प्रकार) इतकं सापडलं की ब्रिटन आणि कॅनडाने लोकांना ते खाऊच नका असं सांगितलंय. जपानमधे बंदी नाही, शाळेच्या जेवणातही असतं, पण इथलं कृषी मंत्रालय सांगतं की नुसतं पाण्यात भिजवून पाणी फेकलं तर निम्मं आर्सेनिक जातं आणि भिजवून, उकळून तेही पाणी फेकलं तर नव्वद टक्क्यांपर्यंत. शेजारच्या जपानी आजी मायेने डबा देतील, लोह असतं गं यात, बाळाला चांगलं म्हणून. पण 2015 च्या जपानी आहार तक्त्यात दिसलं की ते लोह मुख्यतः लोखंडी कढईचं होतं! स्टीलच्या भांड्यात शिजवलेल्या सुक्या हिजिकीत शंभर ग्रॅमला सहाच मिलिग्रॅम, लोखंडीतल्यात 58. मी तरी गरोदरपणात हिजिकी पूर्ण बंद ठेवलं, लोहाची गोळी घेतली आणि आजींना प्रेमाने नाही म्हटलं.

मग काय खायचं? नोरी खा, मनात शंका न ठेवता खा, फक्त ती गोड-खारट मसालेवाली जरा कमी. नोरीत बी12 असतं म्हणून शाकाहारी बायका खुश होतात, असूदे, पण तेवढ्या भरवशावर बी12 ची गोळी सोडू नका. मिसो सूपमधलं चिमूटभर वाकामे अधूनमधून ठीक. कानतेन म्हणजे आपलं चायना ग्रास, तेही शेवाळापासूनच बनतं पण वापरतो एक-दोन ग्रॅम आणि आयोडीन नगण्य, त्याची दुधाची बर्फी करून मी कितीतरी खाल्ली. केल्पच्या (कोम्बूच्याच जातीच्या शेवाळाच्या) गोळ्या मात्र कुठल्याही देशात असाल तरी नकोत. ऑस्ट्रेलियातल्या मैत्रिणींनो, तुमच्याकडचा सरकारी सल्ला अजून कडक आहे, तपकिरी शेवाळ (कोम्बू, वाकामे, हिजिकी त्यातलेच) गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी आठवड्यातून एकदाच.

अंगावर पाजणं आलं म्हणून सांगते, बाळंत झाल्यावरही हे संपत नाही कारण आयोडीन दुधात उतरतं. शिन-ओकुबोत राहणारी कोरियन मैत्रीण असेल तर ती मियोकगुक आणेल, बाळंतिणीला वाकामेचं सूप द्यायची त्यांची जुनी पद्धत, आपल्या डिंक-अळिवासारखं मायेचं आहे ते. वाटीभर घ्या, तिला बरं वाटेल, पण त्यांच्याकडे आठवडेच्या आठवडे रोज देतात तसं नको, तसं खाणाऱ्या आयांच्या बाळांचं थायरॉइड मंद झाल्याच्या नोंदी आहेत. जपानमधे 1979 पासून प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन थायरॉइड तपासतात, रिपोर्ट आला की बघून घ्या आणि टीएसएच वाढलेलं असेल तर तुम्ही कोम्बू किंवा वाकामे किती खाल्लं हे डॉक्टरांना त्याच वेळी सांगा, कारण शेवाळामुळे झालेलं असेल तर बऱ्याचदा ते तात्पुरतं असतं आणि उपचार किती दिवस लागतील हे ठरवताना त्यांना ते माहीत असावं लागतं.